आरपार दिसणारा पडदा

संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी घरातल्या एखाद्या मोठ्या खिडकीसमोर खुर्ची ओढून बसा. खिडकीची काच बंद असू द्या, पडदा बाजूला सारलेला. खोलीतला दिवा लावा आणि मग काही करू नका. बाहेर अजून उजेड आहे. समोरची इमारत, झाड, रस्त्यानं जाणारी माणसं दिसताहेत. मध्ये काच आहे याकडे लक्षही जात नाही. थोडा वेळ जाऊ द्या. झाडाच्या फांद्यांमध्ये तुमच्याच खोलीतला दिवा लटकलेला दिसू लागेल. मग कपाटाची कड, मग तुमचा चेहरा. काही वेळ झाड आणि चेहरा एकाच जागी असतील, एकमेकांतून आरपार. पुरता अंधार पडला की झाड गेलेलं असेल आणि काचेत फक्त तुमची खोली उरेल.

एवढ्या वेळात काचेत काहीही बदललेलं नाही. साध्या काचेवर समोरून प्रकाश पडला की तिच्या पहिल्या पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के परत फिरतो, दुसऱ्या पृष्ठभागावरून आणखी जवळजवळ तेवढाच. उरलेला बहुतेक सगळा पलीकडे जातो. हे प्रमाण दुपारी तेच आणि रात्रीही तेच. भर उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत दोनतीनशे. दोनतीनशेचे ८ टक्के त्या उन्हापुढे कुठून दिसणार? रात्री बाहेरून येणारा प्रकाश जवळजवळ संपतो आणि तेच ८ टक्के अख्खी काच व्यापतात. काय दिसायचं हे काच ठरवत नाही, तिच्या दोन्ही बाजूंचा उजेड ठरवतो. एवढी एक गोष्ट मनात धरून पुढे चला. आरपार दिसणाऱ्या पडद्यांचं शास्त्र आणि त्यांच्या बहुतेक सगळ्या अडचणी इथूनच निघतात.

पारदर्शक पडदा म्हणजे जिच्यावर अक्षरं आणि चित्रं उमटतात, आणि तरीही जिच्या पलीकडचं दिसत राहतं अशी काच. दुकानाच्या दर्शनी भागात, मेट्रोच्या खिडकीत, लढाऊ विमानात वैमानिकाच्या डोळ्यांसमोर ती आज आहे. तिच्याकडे पाहताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा आहे: पलीकडे काय आहे, आणि काचेवर जे उमटलंय त्याचा त्याच्याशी संबंध काय?

आधी थोडं मागे जाऊ. २४ डिसेंबर १८६२ च्या रात्री लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी चार्ल्स डिकन्सच्या ‘द हॉन्टेड मॅन’ या कथेचा प्रयोग केला. रंगमंचावर प्रेक्षकांच्या बाजूला झुकवलेली एक प्रचंड काच होती. ती कुणाला दिसत नव्हती. रंगमंचाच्या खाली, प्रेक्षकांच्या नजरेआड, एक नट उभा होता आणि त्याच्यावर झगझगीत दिवा सोडलेला. त्याचं प्रतिबिंब काचेत उमटायचं आणि प्रेक्षकांना रंगमंचावरच्या जिवंत नटाशेजारी एक भूत उभं राहिलेलं दिसायचं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. पेपर यांनी ती नाट्यगृहात वापरण्याजोगी केली. खालचा दिवा मंद केला की भूत विरून जाई. तुमच्या संध्याकाळच्या खिडकीत जे घडलं, तेच इथे दिव्याच्या हुकमानं घडवलेलं होतं.

ही युक्ती आजही कामावर आहे. दूरदर्शनवर बातम्या देणारी व्यक्ती थेट तुमच्या डोळ्यांत पाहत अस्खलित बोलते, तेव्हा कॅमेऱ्याच्या भिंगासमोर अशीच एक तिरकी काच असते. खालच्या पडद्यावरचे शब्द तिच्यावर उमटतात, वाचणाऱ्याला दिसतात, आणि कॅमेरा त्याच काचेतून आरपार वाचणाऱ्याकडे पाहतो. शब्दांचा प्रकाश भिंगाकडे जातच नाही. एकच काच एका बाजूनं कागद असते, दुसऱ्या बाजूनं खिडकी.

प्रतिबिंबाशिवायही हे साधता येतं. २३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस यांची २८ फूट उंच प्रकाशमूर्ती उभी राहिली. ३०,००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर आणि त्याच्यासमोर ९० टक्के पारदर्शक असा खास पडदा, अशी ती रचना होती. असा पडदा प्रोजेक्टरच्या दिशेनं आलेला प्रकाश प्रेक्षकांकडे वळवतो आणि इतर दिशांनी येणारा सरळ जाऊ देतो, म्हणून तो स्वतः दिसत नाही. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला तिथे ग्रॅनाइटचा पुतळा आला. प्रकाशमूर्ती रात्रीची होती; दुपारच्या उन्हात ती धरता आली नसती. दगडाला ती अडचण नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे थोडं रेंगाळू. डोळे मिटा आणि काळा रंग आठवा. कागदावर शाईनं काळं लिहिता येतं, कारण शाई प्रकाश गिळते. पण प्रकाशानं काळं कसं लिहाल? टीव्हीवरचा काळा रंग म्हणजे तिथे प्रकाश न सोडणं. मागे गडद पाठ असते, म्हणून तो काळा दिसतो. ही पाठ काढून टाका. आता ज्या जागी काळं दिसायला हवं, तिथे पलीकडची भिंत दिसेल. पडद्यावर काळ्या केसांची बाई असेल, तर तिच्या केसांमधून तुमच्या दिवाणखान्यातली खिडकी दिसेल. डोळ्यांची बुबुळंही आरपार.

काचेवरचा प्रकाश पलीकडच्या प्रकाशात भर घालू शकतो, त्यातून काही काढून घेऊ शकत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त खिळवून ठेवणारी हीच गोष्ट वाटते. असा पडदा पलीकडचं जग जसं असेल तसं पत्करतो आणि त्यावर काही चढवतो. पलीकडे पांढरी भिंत असेल तर तो फिका पडतो, पलीकडे काळोख असेल तर उजळतो. त्याचं सौंदर्य त्याच्या हातात नाही.

जानेवारी २०२४ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात एलजी कंपनीनं ७७ इंची पारदर्शक टीव्ही दाखवला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो अमेरिकेत जवळजवळ ६०,००० डॉलरला विक्रीला आला. त्यात एक बटण आहे. ते दाबलं की पडद्यामागे खालून एक गडद पडदी वर सरकते आणि टीव्ही नेहमीच्या टीव्हीसारखा होतो. सिनेमा बघायचा तर पडदी वर. म्हणजे चित्र नीट बघायची वेळ आली की पारदर्शकता झाकावी लागते. हे मी दोष म्हणून सांगत नाही. काळ्या रंगाला पाठ लागते, आणि ज्यांनी हा टीव्ही केला त्यांना ते पुरतं ठाऊक होतं.

याच्या उलट वागणारा पडदाही आहे. एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकाचा पडदा. तो स्वतः प्रकाश देत नाही. तो झडपेसारखा उघडतो आणि मिटतो. त्याच्या दोन्ही बाजूंना ध्रुवक पटलं असतात. पहिलं पटल एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देतं, म्हणजे निम्म्याहून अधिक तिथेच अडतो. मधला द्रवस्फटिक विद्युतदाबानुसार त्या कंपनाची दिशा वळवतो किंवा वळवत नाही, आणि दुसरं पटल त्यावरून प्रकाश सोडायचा की अडवायचा ते ठरवतं. शिवाय प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते आणि ती आणखी साधारण दोन तृतीयांश प्रकाश खाते. शेवटी पलीकडून निघालेल्या प्रकाशातला दहाबारा टक्के हाती लागला तरी पुष्कळ. म्हणून असा पडदा उघड्या खिडकीत अंधारा वाटतो, पण आतून भरपूर दिवे लावलेल्या पेटीच्या दाराला शोभतो. शीतपेयांचं कपाट, घड्याळाची प्रदर्शनपेटी अशा जागी तो बसवतात. इथे काळं खरोखर काळं होतं. पांढरं म्हणजे पेटीतल्या वस्तूचं दर्शन.

ध्रुवक पटल पाहायचं असेल तर पोलराइज्ड गॉगल डोळ्यांवर घाला आणि मोबाइल हळूहळू आडवा-उभा फिरवा. अनेक मोबाइलांवर एका कोनात पडदा काळवंडतो, मग पुन्हा उजळतो. घाई करू नका. उजेड किती अडवला जातोय हे इथे हाताला कळतं.

आता तो मोबाइल खाली ठेवा आणि बोट त्याच्या काचेवर टेकवा. बोटाखाली वीज आहे. काचेत तारा दिसत नाहीत, पण स्पर्श कुठे झाला हे ओळखण्यासाठी विद्युतवाहक थर तिथे असावाच लागतो. तो बहुतेक वेळा इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा असतो. कारखान्यात, प्रयोगशाळेत त्याला आयटीओ म्हणतात. सुमारे नव्वद भाग इंडियम ऑक्साइड, दहा भाग कथील ऑक्साइड. जाडी एवढी कमी, की माणसाच्या केसाच्या जाडीचे शेकडो भाग केले तर त्यातला एखादा भाग.

तांबं वीज वाहतं पण आरपार दिसत नाही. काच आरपार दिसते पण वीज वाहत नाही. मग हा पदार्थ दोन्ही कसं करतो? धातूत मोकळे इलेक्ट्रॉन इतके दाट असतात की दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेबरोबर ते डोलतात आणि तिला परतवतात. धातूची चकाकी ती हीच. आयटीओमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन वीज वाहण्यापुरते आहेत, पण धातूपेक्षा बरेच विरळ. दिसणाऱ्या प्रकाशाची लाट त्यांना फार वेगवान पडते. ते फक्त त्याहून संथ अशा अवरक्त लाटेला परतवू शकतात. उरलेल्या बांधील इलेक्ट्रॉनांना हलवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणात नसते. दोन्ही दारं अशी चुकवून प्रकाश निघून जातो. निसर्गानं ठेवलेल्या या अरुंद फटीतून आजची सगळी स्पर्शपडद्यांची दुनिया गेलेली आहे.

इंडियम सापडलं १८६३ मध्ये, जर्मनीतल्या फ्रायबर्ग गावात. फर्डिनांड राइश आणि थिओडोर रिक्टर जस्ताचं खनिज तपासत होते. राइश यांना रंग ओळखता येत नसत, म्हणून वर्णपटलाकडे पाहण्याचं काम त्यांनी रिक्टर यांच्यावर सोपवलं होतं. रिक्टर यांना तिथे एक गडद निळी रेघ दिसली, आजवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नसलेली. आजही इंडियम मुख्यतः जस्त शुद्ध करताना जोडीनं निघतं. त्याच्यासाठी म्हणून कुणी वेगळी खाण खणत नाही. बोटाखालच्या त्या थराकडे पुन्हा लक्ष न्या. ज्याला रंग दिसत नव्हते अशा माणसाच्या प्रयोगशाळेतून तो आलेला आहे.

वीज वाहणारी आरपार काच मिळाली, आता तिच्यावर दिवे हवेत. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांच्या अतिपातळ थरांमधून कमी विद्युतदाबावर उजेड काढून दाखवला. हेच ओएलईडी. त्यात एका बाजूचं विद्युतअग्र आयटीओचं असतं, दुसऱ्या बाजूचं धातूचं, म्हणून प्रकाश एकाच बाजूनं बाहेर पडतो. १९९६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटानं धातूचा तो थर इतका पातळ केला की प्रकाश त्यातूनही जाईल, आणि त्यावर पुन्हा आयटीओ चढवलं. दिवा बंद असताना सुमारे ७० टक्के प्रकाश आरपार. चालू केला की दोन्ही बाजूंनी उजळणारा. प्रत्येक ठिपक्यामागे त्याला चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर लागतात, तेही आरपार दिसणारे करता येतात हे जपानच्या हिदेओ होसोनो यांनी दाखवलं. इंडियम, गॅलियम आणि जस्त यांच्या ऑक्साइडचा त्यांचा लवचीक, पारदर्शक ट्रान्झिस्टर २००४ मध्ये जाहीर झाला.

एवढं सगळं असूनही बाजारातला मोठा पारदर्शक ओएलईडी पडदा पलीकडचा साधारण ४० टक्केच प्रकाश जाऊ देतो. कारण सोपं आहे. प्रत्येक ठिपक्याची जागा दोघांत वाटावी लागते: काही भाग दिव्याला, काही भाग मोकळ्या खिडकीला. दिवा मोठा केला तर चित्र उजळ होतं आणि खिडकी आकसते. ठिपके बारीक केले तर चित्र रेखीव होतं, पण तारा आणि ट्रान्झिस्टर जागा अडवतात. शिवाय अशा लाखो इवल्या खिडक्या एका ओळीत मांडल्या की प्रकाशाचं विवर्तन होतं. पलीकडे एखादा तेजस्वी दिवा असेल तर त्याच्याभोवती रंगीत किरणांचे फाटे फुटतात. तुम्ही असा पडदा पाहिलात तर आधी त्यावरचं चित्र पाहू नका. बंद असताना त्याच्यातून एखाद्या दिव्याकडे पाहा. त्याच्या पोटातली जाळी अशी नजरेला येते.

फिनलंडच्या तुओमो सुंतोला यांची वाट वेगळी होती. १९७४ मध्ये त्यांनी अणूंचा एकेक थर क्रमानं चढवण्याची पद्धत शोधली, तीही नेमकी प्रकाश देणारे सपाट पडदे करण्यासाठी. मँगनीज मिसळलेल्या झिंक सल्फाइडच्या थराला वीज दिली की तो पिवळसर उजळतो. १९८३ मध्ये हेलसिंकी विमानतळावर विमानांच्या वेळा दाखवायला असा फलक लागला. याच पद्धतीचे पारदर्शक पडदे आज वाहनांत, यंत्रांवर बसतात. ते एकरंगी असतात, सिनेमा दाखवू शकत नाहीत, पण थंडी, ऊन, हादरे सोसतात आणि ओएलईडीपेक्षा पुष्कळ जास्त आरपार दिसतात. मला ते जास्त आवडतात. थोडकं सांगायचं असेल तर एक रंग पुरतो. आणि झिंक सल्फाइड म्हणजे फ्रायबर्गला ज्यात इंडियम सापडलं, त्याच खनिजाचा मुख्य घटक.

इथपर्यंत काच आणि प्रकाश पाहिला. आता पाहणाऱ्याकडे वळू.

खिडकीसमोर बसून तर्जनी डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरा. नजर बोटावर ठेवा. पलीकडचं झाड अस्पष्ट होतं, आणि एकाची दोन झाडं दिसतात. आता बोट न हलवता झाडाकडे पाहा. बोटं दोन झाली. एकदा इकडे, एकदा तिकडे, सावकाश. डोळ्यातलं भिंग दर वेळी आकार बदलतंय. जवळचं पाहताना ते फुगतं, दूरचं पाहताना सैल होऊन चपटं होतं. दोन्ही डोळ्यांच्या रेषाही आत वळतात, बाहेर सरकतात. तरुण डोळ्यांना ही ये-जा सहज जमते, चाळिशीनंतर जड जाऊ लागते. पण कुठल्याही वयात दोन्ही अंतरं एकाच क्षणी स्पष्ट दिसत नाहीत. हातभर अंतरावरच्या पारदर्शक पडद्यावर लिहिलेलं वाचताना पलीकडचा रस्ता उघडा असतो, पण तो दिसत असतो असं म्हणता येत नाही.

विमानात ही अडचण जिवावर बेतणारी आहे, आणि तिच्यावरचा उपाय मला पारदर्शक पडद्यांच्या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. १९०० मध्ये डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी बंदुकीच्या नेमासाठी एक रचना मांडली: नेमाची खूण भिंगाच्या नाभीवर ठेवायची, म्हणजे तिच्यापासून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतील, आणि ते तिरक्या काचेवरून डोळ्यांकडे वळवायचे. समांतर किरण फार दुरून आल्यासारखे असतात. खूण हातभर अंतरावरच्या काचेत असते, पण डोळ्याला ती क्षितिजावर दिसते. दूरच्या लक्ष्याकडे पाहतानाच ती स्पष्ट असते, भिंगाला आकार बदलावा लागत नाही. डोकं थोडं हललं तरी खूण लक्ष्यावरून सरकत नाही. पुढे याच तत्त्वावर लढाऊ विमानांतला हेड-अप डिस्प्ले उभा राहिला. आपल्या तेजस विमानासाठी तो चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेनं विकसित केला. वेग, उंची, विमानाची दिशा, क्षितिजाची रेघ, सगळं वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत. मान खाली घालायला नको.

मोटारीत हे १९८८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सनं आणलं. तिथे पुढची काच हाच पडदा. पण काचेला दोन पृष्ठभाग असतात, तुमच्या खिडकीसारखेच, त्यामुळे आकडे दोनदा उमटतात, एकावर एक किंचित सरकलेले. म्हणून दोन काचांमधलं प्लास्टिकचं पटल वर जाड, खाली पातळ असं पाचरीसारखं करतात, म्हणजे दोन्ही प्रतिबिंबं एकमेकांवर बसतात. आपल्याकडे २०२२ च्या बलेनोपासून हा प्रकार मध्यमवर्गीयांच्या गाडीत आला. तिथे स्टिअरिंगसमोर एक छोटी वेगळी काच उभी राहते आणि पाचरीचा खर्च वाचतो.

आता या मननातला सर्वांत अवघड भाग. डोळ्याची अडचण सुटली. मनाची?

१९८० मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रात एडिथ फिशर, रिचर्ड हेन्स आणि टोनी प्राइस यांनी मोजक्या अनुभवी वैमानिकांना विमानाच्या आभासी कक्षात बसवलं. धुक्यातून उतरायचं होतं, समोर हेड-अप डिस्प्ले. वैमानिकांनी विमान अचूक रेषेत आणलं. पण एका फेरीत त्यांना न सांगता धावपट्टीवर दुसरं विमान आडवं ठेवलेलं होतं. डिस्प्ले वापरणाऱ्या काही वैमानिकांना ते दिसलंच नाही, आणि ते सरळ उतरत गेले. काच आरपार होती. किरण समांतर होते. आडवं विमान त्यांच्या दृष्टिपटलावर पूर्ण स्पष्ट उमटलेलं होतं.

इथे थांबा. हे वाक्य पुन्हा मनात आणा: डोळ्यात उमटलेलं होतं आणि दिसलं नाही. दोन प्रतिमा एकाच अंतरावर, एकाच जागी ठेवल्या तरी लक्ष एकीवर बसतं. काचेवरच्या आकड्यांना स्वतःचा एक पृष्ठभाग असतो. ते एकत्र हलतात, एकाच रंगाचे असतात, म्हणून मन त्यांचा एक गट करतं आणि पलीकडच्या जगाचा दुसरा. एका गटात शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. खिडकीवर परत या. तुमचं प्रतिबिंब आणि झाड दोन्ही दिसत असताना आधी फक्त झाड पाहा. मग नजर न हलवता चेहऱ्यावर या. भिंगाला फारसं काही करावं लागत नाही, दोन्ही प्रतिमा जवळजवळ तितक्याच स्पष्ट राहतात, तरी आत काहीतरी कूस बदलतं. ती कूस बदलताना पकडता येते का, पाहा. बहुतेक वेळा बदलून गेल्यावरच कळतं.

पुढे १९९० च्या दशकात त्याच केंद्रात डेव्हिड फॉइल आणि रॉबर्ट मॅकॅन यांनी एक तोडगा तपासला. आकडे काचेला चिकटलेले न ठेवता दृश्याला चिकटवायचे: धावपट्टीची खूण धावपट्टीवरच पडली पाहिजे, विमान वळलं की तिच्याबरोबर सरकली पाहिजे, जवळ गेलं की मोठी झाली पाहिजे. अशी खूण मन जगाच्याच गटात टाकतं. मग खूण पाहताना वाटही दिसते.

माझ्या मते पारदर्शक पडदा कुठे असावा आणि कुठे नसावा, याची कसोटी या शोधात आहे. काचेवरचं लिखाण पलीकडच्या गोष्टीविषयी असेल, तिच्या जागी बसत असेल, तर काच आरपार असण्याला अर्थ आहे. २०२० मध्ये बीजिंगच्या मेट्रोच्या ६ क्रमांकाच्या आणि शेन्झेनच्या १० क्रमांकाच्या मार्गावर डब्यांच्या खिडक्यांत ५५ इंची पारदर्शक ओएलईडी बसवले गेले. प्रवाशाला खिडकीतच पुढचं स्थानक, मार्ग, बातम्या दिसतात. स्थानकात गाडी शिरताना खिडकीबाहेरच्या फलाटावर त्या फलाटाचीच माहिती उमटली तर ते मला पटतं. बातम्यांना मात्र साधा पडदाही चालला असता. बोगद्यात बाहेर काळोख असतो म्हणून तिथे चित्र छान उठतं, हे खरंच. पण तेव्हा खिडकी खिडकी राहिलेली नसते.

दुकानाच्या काचेत नाचणाऱ्या जाहिराती, दिवाणखान्यात तरंगणारे मासे, यांना माझा विरोध नाही. तिथे पलीकडचं जग फक्त सजावटीला आहे, एवढं ओळखून पाहावं. विज्ञानपटांत पारदर्शक पडदे एवढे दिसतात, त्याचं मुख्य कारणही कॅमेरा आहे. साध्या पडद्यामागे नटाचा चेहरा झाकला जातो. आरपार पडद्यातून चेहरा आणि आकडे दोन्ही एका चौकटीत येतात. ते पडदे काम करणाऱ्याच्या सोयीचे नसून बघणाऱ्याच्या सोयीचे आहेत. मागे माणसं हिंडताहेत, खिडकीतून ऊन येतंय, अशा कार्यालयात तसा पडदा दिवसभर वाचून पाहा; डोळे शिणतील.

मला हा पडदा मनापासून हवा आहे तो संग्रहालयात. समजा, काचेच्या पेटीत एक ताम्रपट आहे. पुढे उभं राहिलं की लिपी कळत नाही, खालच्या पाटीवर अर्थ छापलेला असतो, आणि आपण पाटी वाचून पुढे सरकतो. तांब्यावरच्या अक्षरांकडे पाहिलेलंच नसतं. पेटीची काचच पडदा असेल, तर एकेका ओळीवर मंद उजेडाची रेघ यावी, त्या ओळीचं वाचन शेजारी उमटावं, आणि मग सगळं विझून फक्त तांबं उरावं. नजर पाटीकडे जाणार नाही, अक्षरावरच राहील.

पण इथे एक खरी अडचण आहे, आणि तीही खिडकीपाशी बसून समजून घेता येते. काचेवर खडूनं एक ठिपका काढा, तो दूरच्या एखाद्या फांदीवर बसेल असा. एक डोळा मिटा. आता उघडा डोळा मिटून दुसरा उघडा. ठिपका दुसऱ्या फांदीवर गेला. डोकं थोडं हलवा, तो तिसरीवर. वैमानिकाची खूण समांतर किरणांमुळे जागेवर राहते. साध्या पडद्यावरची राहत नाही. ताम्रपटावरच्या तिसऱ्या ओळीवर टेकवलेली रेघ उंच माणसाला एका ओळीवर दिसेल, लहान मुलाला दुसऱ्या. कॅमेऱ्यानं बघणाऱ्याचे डोळे शोधून रेघ त्यांच्याप्रमाणे सरकवता येते, पण मग ती एकाच बघणाऱ्यासाठी बरोबर असते. आई, बाबा, आजी आणि नातू एका पेटीसमोर उभे राहिले की कुणाच्या डोळ्यांचं ऐकायचं? वस्तू काचेच्या जितकी जवळ, तितकं हे सरकणं कमी. ताम्रपट काचेपासून बोटभर अंतरावर असेल आणि रेघ एका ओळीऐवजी चारपाच ओळींचा पट्टा उजळणार असेल, तर चौघांनाही एकाच वेळी नीट वाचता येईल. नाणं, पोथीचं पान, लघुचित्र अशा सपाट वस्तूंना हे जमतं. मूर्तीला जमत नाही; तिच्याभोवती फिरावंच लागतं, आणि तिच्यासमोरची काच कोरीच ठेवावी असं मला वाटतं.